शिक्षकाची श्रद्धा व शिक्षकाचा धर्म

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, एका आठवड्याच्या अंतराने, दोन माणसे माझ्याकडे सल्ला विचारावयास आली. पहिले आमचे शेजारी. त्यांना आपल्या मुलीचे नाव एका मिशनच्या शाळेत घालावयाचे होते. तेथील शिस्त, तेथील इंग्रजी, शिक्षिकांची कळकळ या सर्वांविषयी त्यांचे मत उत्तम होते, पण बोलता बोलता ते थांबले व आवाज उतरवून म्हणाले, "एवढीच शंका येते, की तिथल्या बाई पोरीच्या मनात काही भलतेच तर भरवणार नाहीत ना?"

दुसरी आली ती माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती स्वतः ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेली, आणि आज एका प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवीत असलेली. तिच्या वर्गातील एका मुलीची आई दिवाळीच्या सुमारास वारली. पुढे एके दिवशी शाळा सुटल्यावर ती मुलगी मागे रेंगाळली व म्हणाली, "बाई, तुम्ही रोज प्रार्थना करता ना? माझ्या आईसाठी कराल?" बाईंनी "करीन" म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा आली. "मग मलाही शिकवा ना, बाई." यावर काय बोलावे हे माझ्या विद्यार्थिनीला सुचेना. तिने काहीतरी निमित्त काढून मुलीला घरी पाठविले, आणि तेव्हापासून तिच्या मनाला स्वस्थता नाही. तिच्या पाळकसाहेबांना हे कळले तेव्हा ते हळहळले. प्रभूने कोकरू दाराशी आणून सोडले आणि तू त्याला परत लावलेस, असे त्यांचे म्हणणे पडले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आपण असल्या गोष्टींत पडूच नये, उद्या कोणी तक्रार केली म्हणजे निस्तरावयाचे कोणी? "सर, या दोघांतून कोणाचे खरे?" असा तिचा प्रश्न होता.

एकाला भीती वाटते की शिक्षिका फार देईल; दुसरीला खंत वाटते की आपण फार थोडे दिले. पण दोघांच्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. ज्याची श्रद्धा जिवंत आहे अशा शिक्षकाने ती आपल्याबरोबर वर्गात कितपत न्यावी? ख्रिस्ती शिक्षकापुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो, कारण मुलांना शिकविणे व आपल्या श्रद्धेची साक्ष देणे ही दोन्ही त्याच्या धर्मात कर्तव्ये मानिली आहेत, आणि आपल्या प्रांतात तरी ही दोन कर्तव्ये गेली सुमारे दोनशे वर्षे एकाच छपराखाली कधी सलोख्याने, कधी भांडत नांदत आली आहेत. मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु माझे माध्यमिक शिक्षण मिशनच्या शाळेत झाले, आणि पुढे अठ्ठावीस वर्षे मी शिकविण्याचाच व्यवसाय केला. तेवढ्या अधिकाराने चार शब्द लिहितो.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत, व ती दोन्ही मला अपुरी वाटतात.

पहिले उत्तर मुख्याध्यापिकांचे. शिक्षकाने आपला धर्म, ओली छत्री बाहेर टेकून ठेवावी तसा, शाळेच्या दारात ठेवून आत यावे. या उत्तरामागे मोठी परंपरा आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आखले तेव्हा ते धर्माच्या बाबतीत निरपेक्ष असावे असे ठरविले. सरकारी शाळांविषयी त्या खलित्यात एक मोठी मार्मिक सूचना आहे. बायबल शाळेच्या ग्रंथालयात असावे, विद्यार्थ्याने ते हवे तर वाचावे, आणि त्याने आपण होऊन काही विचारले तर शिक्षकाने त्याचे समाधान करण्यास हरकत नाही; मात्र हे सर्व शाळेच्या वेळेबाहेर व्हावे. माझ्या विद्यार्थिनीवर आलेला प्रसंग लंडनमधील राज्यकर्त्यांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कल्पिला होता, असे म्हणावयास हरकत नाही! त्यांनी आखलेली सीमा घड्याळाची होती. आपल्या राज्यघटनेने ती अधिक चांगल्या जागी नेली. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नसावे, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदान घेणाऱ्या अन्य संस्थांत ते असले तर अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून त्यात ओढू नये, असे अठ्ठाविसावे कलम सांगते. घड्याळाच्या जागी पालक आला. ही प्रगती खरी. कारण घंटा झाली म्हणून शिक्षक मुलाच्या मनातून खाली उतरत नाही. साडेपाचनंतरही बाई बाईच असतात.

पण कायदा वेळापत्रकाविषयी बोलू शकतो, शिक्षकाच्या अंतःकरणाविषयी नाही. श्रद्धा ही छत्री नव्हे. ती माणसाच्या आवाजात, संयमात, रागावण्याच्या रीतीत उतरलेली असते. ती बाहेर ठेवून यावयाचे म्हणजे स्वतःलाच बाहेर ठेवून यावयाचे.

आम्हांला आठवीत गणित शिकवावयास एक ख्रिस्ती मास्तर होते. सहामाही परीक्षेत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुलांची उत्तरे चुकांसकट तंतोतंत जुळली. त्यांतील एक गरिबाघरचा व अभ्यासात बेताचा, दुसरा गावातील डॉक्टरांचा मुलगा. मास्तरांनी पहिल्याला उभे करून नक्कल केल्याबद्दल फार कठोर शब्द लावले. दोन दिवसांनी खरी गोष्ट उलट असल्याचे उघडकीस आले. मास्तर वर्गात आले, त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, त्या मुलाला पुढे बोलाविले, आणि आम्हां चाळीस मुलांदेखत ते त्याला म्हणाले, "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू गरीब आहेस म्हणून तुझ्यावर संशय घेणे मला सोपे गेले. हे माझे पाप आहे. मला क्षमा कर." नंतर त्यांनी खडू उचलला व अपूर्णांक शिकवावयास लागले.

'चूक' म्हटले असते तरी चालले असते. मुलापुढे नमते घेण्यास नियमाने त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. गरिबीचा उल्लेख न करता वेळ मारून नेता आली असती. परंतु ते 'पाप' म्हणाले. तो शब्द त्यांच्या रात्रीच्या प्रार्थनेतून वर्गात आला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. त्यांनी सबंध वर्षात एकदाही आम्हांला येशूचे नाव सांगितले नाही. तथापि त्यांचा धर्म दाराबाहेर राहिला होता असे म्हणावयास मी तयार नाही.

दुसरे सोपे उत्तर पाळकसाहेबांचे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्यापाशी भाकरी आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने भुकेल्या मुलाला ती न देणे यात कसली सभ्यता? ज्याचा आपल्या श्रद्धेवर खरोखर विश्वास आहे त्याला हा युक्तिवाद टोचल्यावाचून राहणार नाही. पण त्यात एक गोष्ट नजरेआड होते. दोन प्रौढ माणसे धर्माविषयी बोलतात तेव्हा एक दुसऱ्याला 'नाही' म्हणू शकतो. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या आवडत्या बाईंना 'नाही' म्हणता येत नाही. तिला प्रार्थना हवी आहे की बाई हव्या आहेत, हे तिचे तिलाही सांगता यावयाचे नाही. नीरस, माराकुट्या शिक्षकापुढे हा प्रश्न कधी उभाच राहत नाही, कारण त्याचे कोणी मनावर घेत नाही. जो शिक्षक प्रेमळ, त्याच्या शब्दाला वजन. आणि जेथे वजन आहे तेथे ते नकळत कोणावर पडते आहे हे पाहण्याची जबाबदारीही आहे.

मुंबईत १८४३ साली याचा फार कडू अनुभव आला. स्कॉटिश मिशनच्या पाद्रींपाशी शिकलेला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला, आणि त्याच्यापाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहावयास गेला. तो अजून लहान होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. घरी आला तर जात त्याला घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून घेण्याच्या बाजूने आपले वजन खर्च केले व त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्या प्रकरणात पाद्री वाईट हेतूने वागले असे मी म्हणत नाही. नारायण शेषाद्रींनी तर पुढे आयुष्यभर निष्ठेने मिशनचे काम केले. पण त्या लहान मुलाचे काय झाले? मोठ्या माणसांच्या दोन सैन्यांमध्ये ते पोर रणभूमी होऊन पडले. शिक्षकावर विसंबणारे मूल असे रणभूमी होता कामा नये, एवढे तरी दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

मग सीमा कोठे आखावी? याचा विचार करू लागले म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाची आठवण होते. १८८९ साली मुंबईत निघालेले व पुढच्याच वर्षी पुण्यास आलेले हे विधवांचे वसतिगृह अमेरिकेतील मित्रांच्या पैशावर चाले. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या होत्या. पण सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, आणि मुलींना आपापल्या जातिधर्माचे आचार पाळण्याची मोकळीक ठेवावयाची, असे ठरले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, १८९३ साली सल्लागारांनी संबंध सोडला आणि अनेक मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले.

या प्रकरणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातील ते उघडे दार तेवढे सोडवत नाही. रमाबाईंची बाजू अशी की, मी कोणाला बोलाविले नाही, कोणाला अडविलेही नाही. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्यासाठी मी दार का लावावे? टीकाकारांची बाजू अशी की, जिच्या हातचे अन्न खावयाचे, जिच्या छपराखाली निजावयाचे, तिचे उघडे दार हे निमंत्रणच होय. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. लपवून ठेवलेली श्रद्धा अप्रामाणिकपणाकडे झुकते, आणि उघडी श्रद्धा दुबळ्यावर भार टाकते. तेव्हा दार उघडे की मिटलेले, एवढ्यावरून निकाल लागावयाचा नाही.

निकाल लावणारी कसोटी माझ्या मते निराळी आहे. दाराशी जी मुलगी आली तिच्याकडे सर्वांचे लक्ष गेले. जी आली नाही तिचे काय झाले, ते पाहावे. न येणाऱ्या मुलीच्या वाट्याला तीच कळकळ, तेच दूध, तीच शाबासकी आली की नाही? आली नसेल तर ते दार उघडे नव्हते. तो सापळा होता. आणि या कसोटीला रमाबाई उतरतात असे मानावयास मोठा आधार आहे. शारदासदनात मुंबईत प्रथम आलेली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. ही मुलगी सदनात शिकली, ख्रिस्ती झाली नाही. १८९३ सालीच तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि आनंदीबाई या नावाने पतीच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी आयुष्यभर झटली. दाराशी न आलेल्या त्या विद्यार्थिनीला रमाबाईंनी काही कमी दिले असते तर हिंगण्याच्या कामाला एवढी माणुसकीची शिदोरी कोठून लाभती?

असेच दुसरे उदाहरण त्याहून जुने. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगर येथे मिस फॅरार या अमेरिकन मिशनच्या बाई मुलींची शाळा चालवीत. ती जोतिरावांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. मिस फॅरार १८२७ साली या देशात आल्या, आणि १८६२ साली नगरलाच त्यांचा अंत झाला. मध्ये पस्तीस वर्षे त्यांनी येथील मुलींना लिहावयास व वाचावयास शिकविले. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. बाप्तिस्म्यांच्या वहीत या विद्यार्थ्याची नोंद नाही. तरीही, त्या शाळांतून मिशनच्या शिक्षकांनी महाराष्ट्राला जे काही दिले, त्याचे सर्वांत मोठे फळ कोणते असे विचारले तर बोट याच नावाकडे जाईल. शिक्षक पेरतो, पीक कोणत्या खळ्यावर जाईल हे ठरविण्याचा अधिकार त्याचा नव्हे.

येथे कोणी ख्रिस्ती वाचक म्हणेल, की हे सारे नागरिकाच्या दृष्टीने ठीक. आमचा धर्म याहून निराळे सांगतो. मला तसे वाटत नाही. डोंगरावरील प्रवचनात दोन आज्ञा थोड्याच अंतराने आल्या आहेत. दिवा झाकून न ठेवता दिवठणीवर ठेवावा, असे एके ठिकाणी सांगितले आहे. तर प्रार्थना करावयाची असेल तेव्हा खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे दुसरीकडे. या दोहोंत विरोध आहे असे पुष्कळांना वाटते. पण जरा बारकाईने पाहिले म्हणजे दिसते, की लोकांना दिसावयाचा उजेड हा सत्कर्मांचा आहे, आणि मिटल्या दाराआड राहावयाची ती प्रार्थना. माझ्या गणिताच्या मास्तरांनी ही दोन्ही वचने पाळिली. त्यांची प्रार्थना आम्ही कधी पाहिली नाही. तिचा उजेड मात्र त्या दिवशी फळ्यासमोर पडला. अनेकांनी शिक्षक होण्याची हौस बाळगू नये, कारण शिक्षकाचा न्याय अधिक कडक होईल, असाही इशारा याकोबाच्या पत्रात आहे. ज्या धर्माने शिक्षकाला अशी धास्ती घातली तो धर्म शिक्षकाच्या हातात मूल देताना बेफिकीर असेल, हे संभवत नाही.

म्हणून व्यवसायाची नीती ही श्रद्धेहून निराळी, कोरडी, कायद्याची बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझा मतभेद आहे. परीक्षाकेंद्रावर वरिष्ठ म्हणतात, "जरा डोळेझाक करा, शाळेचा निकाल घसरतो आहे". ज्याची शिकवणी लाविली त्याला प्रश्न आधी सुचविले जातात. देणगीदाराच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत दोन गुण आपोआप उगवतात. शिक्षकाची खरी साक्ष अशा जागी मागितली जाते. तेथे जो 'नाही' म्हणतो त्याला धर्माचे नाव घेण्याची गरज नाही, आणि तेथे जो मान डोलावतो त्याने सकाळच्या प्रार्थनासभेत कितीही गोड आवाजात स्तोत्र म्हटले तरी मुले फसत नाहीत. मुलांना धर्मशास्त्र कळत नसेल. अन्याय तत्काळ कळतो.

आणि ही कसोटी ख्रिस्ती शिक्षकालाच लावून आपण, म्हणजे बहुसंख्य समाजातील सुशिक्षितांनी, मोकळे होऊ नये. आपल्या शाळांतून सरस्वतीपूजन होते, गणपती बसतो, प्रसाद वाटला जातो. आणि रांगेच्या टोकाला एखादे ख्रिस्ती वा मुसलमान पोर हात जोडावे की नाही या विवंचनेत उभे असते. त्याने हात जोडले नाहीत तर बाईंच्या कपाळावर आठी चढते काय? आपल्याला हे दार दार वाटतच नाही, कारण आपण जन्मापासून त्याच्या आतच बसलेलो आहोत. रमाबाईंच्या दाराचा हिशेब मागणाऱ्या समाजाने स्वतःच्या दाराचा हिशेब द्यावयास हवा.

शेजाऱ्यांना मी इतकेच सांगितले, की शाळेत प्रार्थना होते की नाही हे विचारण्यापेक्षा, जी मुले ती म्हणत नाहीत त्यांच्याशी तेथील बाई कशा वागतात याची चौकशी करा, आणि उत्तर समाधानकारक असेल तर मुलीला खुशाल पाठवा. त्यांना ते पटले. मुलीचे नाव आता तेथेच आहे.

विद्यार्थिनीला उत्तर देणे मात्र मला जड गेले. मी म्हणालो, "तू त्या मुलीच्या आईसाठी प्रार्थना करीन म्हणालीस ते योग्य केलेस, शब्द दिला आहेस तर पाळ, घरी, दार लावून. तिला प्रार्थना शिकवू नकोस. तिच्या वडिलांना भेट, ती काय मागते आहे ते त्यांना सांग. घरात आजी असेल. तिच्याजवळही देवाशी बोलण्याचे शब्द असतील, आणि ते त्या मुलीचे आहेत. तू तिला रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटे जवळ बसू दे. तेवढे तुझे." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, वडील भेटावयाचे नाहीत, ते दिवसरात्र कामावर असतात. आणि आजीपाशी शब्द नसले तर? ती पोर रिकाम्या हाताने परत गेली, हे मला रात्री आठवते."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. पालकाचा अधिकार मी मानतो, मुलाच्या मनाचे स्वातंत्र्य मानतो. पण या दोन्ही तत्त्वांनी त्या मुलीचे सांत्वन होत नाही, हेही मला दिसते. बरोबर वागूनही काहीतरी द्यावयाचे राहून गेले, असे वाटण्याचे प्रसंग या व्यवसायात टळत नाहीत. ती जावयास उठली तेव्हा मी तिला विचारले, "मग आता काय करणार?" ती म्हणाली, "दहा मिनिटे बसवून घेईन. पाढे म्हणून घेईन तिच्याकडून. तिचे सातच्या पुढचे पाढे कच्चे आहेत."